फुकटची वाईन ओतणारा दामू

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि तोवर मी दारूच्या बाबतीत एकदाही खोटं बोललो नव्हतो. बाकीच्या गोष्टींत बोललो असेन. बैलाच्या वयाबद्दल बोललो आहे, बायकोच्या माहेरच्यांबद्दल बोललो आहे. दारूबद्दल नाही. त्या साली बोललो ते दामूपायी. दामू माझा चुलतभाऊ, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. तो मला फारसा आवडत नसे. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे मेल्यावर गोड लिहिलं असं कोणी म्हणायला नको.

दामू बोटीवर होता. मासळीच्या बोटीवर नाही, ती मोठी, दहा-बारा मजल्यांची असते ना, पैसेवाल्यांना समुद्रावर फिरवते आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडते, त्या बोटीवर. तिथे तो जेवणाच्या वेळी वाईन ओतायचा. सव्वीस वर्षं एवढंच. सुट्टीवर आला की चार-आठ दिवस त्याचा हात बोटीवरच असायचा. डावा हात पाठीमागे, उजव्या हातात तांब्या, मनगटावर पंचा घडी घालून. नाचणीची पेज वाढायची तरी तसाच कमरेत वाकायचा आणि ओतून झालं की मनगट जरासं वळवायचा, म्हणजे थेंब सांडत नाही म्हणे. माझी बायको म्हणायची, "दामूभावजी वाढतात तेवा पेजेला पण लाज वाटते." एकदा म्हसाच्या जत्रेत बैल बघायला त्याला बरोबर नेला. बैलवाल्याने भाव सांगितला तर हा सवयीने "येस सर" म्हणाला. त्या माणसाने तिथल्या तिथे भाव वाढवला. मी बैल न घेता परत आलो आणि टोकावड्यापर्यंत याच्याशी बोललो नाही.

त्याची म्हणून काही वाक्यं होती. "पाहुण्याच्या तोंडाकडं बघायचं दादा, बाटलीकडं नाय." मी विचारलं, तोंड बघून दारू कळते काय रे? म्हणाला, "दारू नाय कळत. हा माणूस गप पिणार की बोंबलणार, ते कळतं."

आता दारूचं सांगतो. टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला आमची वाडी. माझा बाप मोहाची गाळायचा, मी गाळली. पोलिसांना ते चालत नव्हतं, देवाला चालत होतं, आणि आम्ही दोघांनाही सांभाळून होतो. विकण्यासाठी गाळली नाही. लग्न, बारसं, मेलेल्याचे दिवस, एवढ्यासाठी. चैतात पहाटे झाडाखाली पडलेलं फूल वेचायचं, सुकवायचं, भिजवायचं, आंबलं की चुलीवर चढवायचं. यात शिकवण्यासारखं फार नाही. शिकवण्यासारखी गोष्ट एकच: ज्याने गाळली त्याने विचारावं आणि ज्याने चाखली त्याने खरं सांगावं. समोर भाऊ असो की व्याही असो. कारण बिघडलेली दारू माणसाचे डोळे नेते. माझ्या बापाच्या वेळेला पलीकडच्या वाडीत एकाचे गेले. ज्याने चाखून "चांगली हाय" म्हटलं होतं त्याच्या घरी पुढे मरेपर्यंत कोणी पाणी प्यायलं नाही.

दामूला मी भट्टीवर घेतला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्याला बाकी काहीच येत नव्हतं. नांगर धरला तर वाकडा जायचा. पण जीभ अशी की मी हबकलो. फूल ओढ्याकडच्या झाडाचं की माळावरच्या, ते एका थेंबावर सांगायचा. मध्येच ओलं लाकूड चुलीत घातलं असेल तर तेही सांगायचा. मला वाटलं, बापाचं आपल्याकडे आलं, आपलं याच्याकडे जाईल. तो चार वर्षं टिकला. मग माळशेजच्या एका हाटेलात वेटर झाला, तिथून मुंबईला, तिथून बोटीवर. त्याच्या जिभेवर कोणीतरी साहेब खूश झाला म्हणे. म्हणजे जीभ मी तयार केली आणि ती कामाला आली समुद्रावर.

एकदा पुतणीच्या लग्नाला तो सुट्टीवर होता. सगळ्या पाहुण्यांदेखत मी त्याच्या हातात पेला दिला. त्याने तो गोल गोल फिरवला, नाक आत घातलं, एक घोट घेतला आणि गटारात थुंकला. मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. बोटीवर तशी पद्धत असते, चाखणारा गिळत नाही, हे त्याने नंतर निरोप पाठवून कळवलं. तिसऱ्या वर्षी ओटीवर येऊन बसला तेव्हा मी विचारलं, "थुंकलास ते सोड. चांगली होती का वाईट?"

"चांगली होती दादा. पण मडकं नवं होतं."

मडकं नवं होतं. जुनं आदल्याच आठवड्यात तडकलं होतं आणि हे घरात माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

तेवीस साली पावसाळ्याआधी तो आला तो तिकीट घेऊनच. नोकरांना घरच्या माणसांसाठी स्वस्तात मिळतं. तीन रात्री, मुंबईहून निघून मुंबईला. त्याची बायको गेलेली, मुलगी किन्हवलीला दिलेली, तिचं बाळ तान्हं. म्हणून मला चल म्हणाला. माझ्या बायकोने आधीच कानावर हात ठेवले: "पाण्यावर झोपायला मी काय मासा हाय?" मीही नाहीच म्हणणार होतो. पण दामू म्हणाला, "दादा, माझं वय झालं म्हणतात. पुढचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं का नाय, ते या हंगामातले पाहुणे शेरा लिहितात त्या कागदांवर ठरणार. नाय मिळालं तर ही शेवटची. मी काय काम करतो ते घरातल्या कोणी बघितलंच नाय."

एवढं बोलल्यावर नाही म्हणता आलं नाही. माझ्या मनात दुसरंही होतं. माझ्या बरोबरीचे सगळे गेले. वाडीतली तरणी पोरं शहापूरकडे, आसनगावच्या गोदामांत. चैतात फूल पडतं आणि रानडुकरं खातात. भट्टीला बसायला माणूस नाही आणि चाखायला त्याहून नाही. कॉन्ट्रॅक्ट मिळालं नाही तर दामू घरी येईल. मला ते हवं होतं. त्याला नको होतं. "बोटीवरून उतरलो तर मी कोण, दादा?" असं तो म्हणाला होता आणि मला त्याचा राग आला होता. माझा भाऊ, आणखी कोण?

बोटीचं वर्णन करत नाही. ज्यांना आवडतं त्यांनी जावं. पहिल्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आम्हाला जेवायला बसवलं. पांढरी चादर घातलेलं टेबल, माझ्याबरोबर ठाण्याचं एक नवराबायकोचं जोडपं. दामू आला, काळं जाकीट, गळ्यात फुलपाखरासारखी गाठ. मला म्हणाला, "गुड इव्हिनिंग, सर."

मी म्हटलं, "दादा म्हण."

"इथं सर. वरचा साहेब बघतोय," असं ओठ न हलवता म्हणाला आणि ओतली.

जेवणासोबतची ही वाईन फुकट असते. तसं कागदावर छापलेलंच होतं आणि ठाण्याच्या बाई ते नवऱ्याला दोनदा वाचून दाखवत होत्या. आमच्यात पहिले तीन थेंब भुईला देतात. मेलेल्यांचा तो वाटा. मी बोट बुडवलं आणि सवयीने खाली तीन थेंब शिंपडले. खाली गालिचा होता, सायीसारखा पांढरा. ठाण्याच्या बाईंनी पाय वर घेतले. दामूने पटकन रुमाल टाकला आणि त्यांना म्हणाला, "बोट हलते मॅडम, सगळ्यांचंच सांडतं."

मी म्हटलं, "सांडलं नाय. दिलं."

मग प्यालो. वासाला ओलं गोणपाट. जिभेवर आधी शिळ्या चिंचेचा कोळ, मागून पत्रा. गिळल्यावर दात खरवडल्यासारखे झाले. मला आंबटाचं वावडं नाही. ताक आंबतं, मोहाचं पाणी आंबतं, पण ते आंबट कुठेतरी पोचायला निघालेलं असतं. हे आंबट पोचून, मरून, वर त्याला चार दिवस झालेले होते. बाटलीला पांढरं फडकं गुंडाळलेलं. आधी मला वाटलं थंड राहावी म्हणून असेल. पलीकडच्या टेबलावर पैसे देऊन मागवलेली बाटली होती, तिला फडकं नव्हतं, तिचं चित्र सगळ्यांना दिसत होतं. म्हणजे फडकं लाजेचं होतं. ठाण्याचे गृहस्थ मात्र घोट घेऊन डोळे मिटून "वा" म्हणाले. मी त्यांच्याशी त्यानंतर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दामूला तासभर सुट्टी होती. कठड्याशी उभा राहून त्याने मला सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याला लाज वाटत नव्हती, उलट कारागिराने हत्यारं दाखवावीत तसा दाखवत होता. फुकटची येते ती नळ लावलेल्या मोठ्या पिशवीतून. तिथून बाटल्यांत भरायची. काल उरलेलीही त्यातच. "आंबट म्हणायचं नाय दादा, 'फ्रेश' म्हणायचं. पाणचट असली तर 'लाइट'. तोंड कडू झालं तर 'ड्राय'. आणि काहीच सुचलं नाय तर, 'समुद्रावर चव जरा बदलते सर.'"

"बदलते काय?"

"माहीत नाय. माणसं मान डोलवतात."

"आणि लोक फुकट म्हणून पितात."

"फुकट कशाची? तिकिटात धरलेली असते. फुकट म्हटलं की माणूस तक्रार करत नाय, एवढाच त्या शब्दाचा उपयोग."

मी म्हटलं, "तुला ही जीभ मी यासाठी दिली काय रे? गटारात थुंकायचीस तर ही थुंकायचीस."

तो म्हणाला, "उद्या संध्याकाळी वरचा साहेब टेबलाटेबलाला येतो. तुला विचारील, वाईन कशी वाटली. चांगली म्हण. एवढंच म्हण, दादा. मी तुझ्याकडं आजवर काय मागितलं नाय."

हे खरं होतं. त्याने काही मागितलं नव्हतं. मी मात्र त्याच्याकडे मागत आलो होतो, तोंडाने कधी बोललो नाही इतकंच.

शेवटच्या संध्याकाळी साहेब आला. तरुण होता, चांगला होता, वाकून बोलत होता. "बाबाजी, वाइन कैसी लगी?" त्याच्या हातात कागद होता. दामू त्याच्या मागे बाटली धरून उभा. दामू माझ्या तोंडाकडे बघत होता, जसा पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचा तसाच.

माझ्या एका शब्दावर दामू घरी येणार होता. तो शब्द खरा होता. खरं बोलावं आणि त्यात आपलाच फायदा व्हावा, असा योग माणसाला फारसा येत नाही, आणि तिथेच मला माझी शंका आली. मी आता खरं बोललो तर ते दारूसाठी बोलतो आहे की भट्टीवर माणूस हवा म्हणून? बापाने शिकवलं होतं खरं बोलायला. खऱ्याचा सापळा करायला शिकवलं नव्हतं. पेल्यात अजून अर्धी होती, ती मी सगळी प्यालो, म्हणजे शब्द फुटायला वेळ मिळेल. मग म्हणालो, "अच्छी है."

माझ्या भाषेतसुद्धा बोललो नाही. साहेब हसला, कागदावर खूण केली आणि पुढे गेला. दामूने ठाण्याच्या बाईंचा पेला भरला, गृहस्थांचा भरला, माझा भरला नाही.

जेवण आवरून मी वर मोकळ्यावर येऊन बसलो. दिवस नुकताच बुडाला होता. दामू आला आणि माझ्या बाजूच्या खुर्चीत बसला. नोकराने पाहुण्याच्या खुर्चीत बसायचं नाही, असा तिथला नियम त्यानेच मला सांगितला होता.

"दादा, खोटं बोललास."

"तूच सांगितलंस ना?"

"सांगितलं. पण मला वाटलं होतं तू ऐकणार नायस. तू जन्मात कधी कोणाचं ऐकलंस?"

मला संताप आला. हा माणूस स्वतःच मागतो, दिलं तर वर तोंड करून विचारतो का दिलंस. तो मात्र शांतपणे बोलत राहिला. "रोज पिशवी फोडली की एक थेंब घेतो. मनात म्हणतो, दादा काय म्हणला असता. तू म्हणतोस, फेक. मग मी ओतायला जातो. सव्वीस वर्षं. मागं एक माणूस खरं बोलणारा होता तोवर मला 'चांगली' म्हणायला जड गेलं नाय."

"मग मी काय करायला पायजे होतं? तुझ्या पोटावर पाय द्यायला पायजे होता?"

"नाय. ते पण नाय." मग म्हणाला, "आता आपण दोघं वेटर, दादा."

उठला, खुर्ची सरळ केली, जाकीट खाली ओढलं. "गुड नाइट, सर," म्हणाला. तेव्हा आजूबाजूला कोणी साहेब नव्हता.

लोक विचारतात, दामूला पुढचं कॉन्ट्रॅक्ट का मिळालं नाही. मिळालं नाही एवढं खरं. वयामुळे की आणखी कशामुळे ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो घरी आला आणि दोन पावसाळे जगला. छातीत कळ येऊन गेला, मुरबाडपर्यंतसुद्धा नेता आलं नाही. त्या दोन वर्षांत आम्ही भांडलो बांधावरून, कुंपणावरून, कुत्र्यावरून. गावच्या बैठकीत तो माझ्याविरुद्ध बोलला, मीही सोडलं नाही. चैतात मात्र भट्टीवर येऊन बसायचा. मी पेला पुढे करायचो. तो घोट घ्यायचा आणि सांगायचा. एकदा म्हणाला, "ही ओतून टाक सगळी." मी त्याच्यासमोर ओतली. लोकांना वाटायचं आमचं पटत नाही, आणि ते बरोबरच होतं. पण त्या बोटीवरच्या शेवटच्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ते कोणाला ठाऊक नाही. दामूलाच ठाऊक होतं. ते लिहून थांबतो.

सकाळी बोट धक्क्याला लागली होती. उतरायच्या दाराजवळ टेबलावर पाहुण्यांसाठी कागद ठेवले होते, हसरी तोंडं, रडकी तोंडं, आणि सगळं इंग्रजी. खाली चार ओळी रिकाम्या. बाजूला फट असलेली पेटी. मी तिथल्या मुलीकडून पेन घेतलं. माझी शाळा तिसरीपर्यंत, अक्षर मोठं, आणि हात सहीपलीकडे फार चाललेला नाही. मागे रांग लागली, कोणीतरी हिंदीत कुरकुरलं, मी वर बघितलं नाही. लिहिलं: "काल मी चांगली म्हणालो ते खोटं. वाईन शिळी आहे, नासकी आहे, माणसाला देण्यासारखी नाही. ओतणारा दामू चांगला आहे. त्याला हे सगळं कळतं." खाली पूर्ण नाव घातलं, बापाचं घातलं, गाव घातलं.

दामू दाराशी उभा राहून उतरणाऱ्यांना निरोप देत होता. मी कागद पेटीत टाकला नाही. घडी न घालता, उघडाच त्याच्या हातात दिला. म्हटलं, "वाच. टाकायचा का नाय ते तुझं तू ठरव. मी लिवायचं ते लिवलं." त्याने वाचायला मान खाली घातली. मी पिशवी उचलली आणि मागे न बघता जिना उतरलो.